हायकोर्टाचा दरवाजा केव्हा उघडतो?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणे काही खोटे नाही. पण कधी कधी शहाण्यालाही पायरी चढावी लागते. कोणी बांध फोडतो. कोणी वाट अडवतो. कोणी बहिणीचा हिस्सा दाबून बसतो. मग गप्प बसून भागत नाही. दावा लागतो. दाव्यात एक जिंकतो, एक हरतो. आणि हरलेला माणूस चावडीवर येऊन म्हणतो, "हायकोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाही!"

हे वाक्य आम्ही पुष्कळ गावांत ऐकले आहे. बोलणारा ते तावातावाने बोलतो. ऐकणारे माना डोलावतात. पण हायकोर्टात गेल्यावर तिथे काय विचारतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एका रात्री आमचा वर्ग सुटला. सगळे घरी गेले. एक गृहस्थ मागे राहिले. त्यांना सारे तात्या म्हणतात. आपणही तात्याच म्हणू. त्यांनी पिशवीतून कागदांचे पुडके काढले आणि पुढे ठेवले.

"गुरुजी, दोन कोर्टांत हरलो. आता हायकोर्टात जायचं म्हणतो. म्हैस विकली तर खर्च निघंल. विकू का?"

आम्ही हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, "तात्या, तिथं काय बघतात ते आधी समजून घेऊ. मग म्हशीचं बघू."

त्या रात्री आम्ही तात्यांना जे सांगितले, तेच इथे लिहितो.

तीन पायऱ्या

तात्यांचे प्रकरण साधे होते. तात्या आणि त्यांचे चुलतभाऊ आबा यांची शेते एकमेकांना लागून. आबांनी दावा लावला. म्हणाले, "तात्यांनी बांध सरकवला आणि माझे पाच गुंठे दाबले."

दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात चालला. ही पहिली पायरी. इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहून घेतात. साक्षीदार येतात. उलटतपासणी होते. सातबारा, खरेदीखत, मोजणीचा नकाशा असे कागद दाखल होतात. मग न्यायाधीश ठरवतात, खरे काय आणि खोटे काय.

कोर्टाने मोजणी करवली. मोजणीदाराच्या नकाशात पाच गुंठे आबांच्या बाजूचे निघाले. तात्यांच्या दोन साक्षीदारांनी सांगितले, की बांध आजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे. कोर्टाने नकाशा खरा मानला. तात्या हरले.

तात्यांनी जिल्हा कोर्टात अपील केले. ही दुसरी पायरी. तिथेही हरले.

आता उरली तिसरी पायरी. ती हायकोर्टाची. हायकोर्ट म्हणजे उच्च न्यायालय. राज्यातले ते सर्वांत वरचे कोर्ट. आपल्या मुंबई हायकोर्टाची स्थापना १८६२ साली झाली.

मोठ्या रकमेच्या दाव्यांची वाट थोडी निराळी असते. पण गावातले बांधाचे, वाटेचे, विहिरीचे, वाटणीचे बहुतेक दावे याच तीन पायऱ्यांनी जातात.

पहिले अपील हक्काचे

तालुक्याच्या कोर्टात हरलेल्या माणसाला जिल्हा कोर्टात जाण्याचा हक्क आहे. मुदतीत गेले, फी भरली, की हे अपील रीतीप्रमाणे ऐकले जाते. जिल्हा न्यायाधीश सगळे प्रकरण पुन्हा तपासू शकतात. साक्षी पुन्हा वाचतात. कागद पुन्हा बघतात. खालच्या कोर्टाने साक्षीदार ओळखण्यात चूक केली असेल, तर ती दुरुस्त करतात. कायद्यात चूक केली असेल, तर तीही दुरुस्त करतात.

म्हणून हे पहिले अपील फार मोलाचे आहे. पुष्कळ लोक ते ढिलाईने चालवतात. म्हणतात, "इथं नाही झालं तर वर बघू." ही मोठी चूक आहे. साक्षीपुराव्याची झाडाझडती बहुधा इथेच संपते. वर ती पुन्हा होत नाही.

दुसरे अपील हक्काचे नाही

जिल्हा कोर्टाच्या निकालावर हायकोर्टात जे अपील होते, त्याला दुसरे अपील म्हणतात. त्याचा नियम दिवाणी कामकाजाच्या कायद्यात आहे. हा कायदा १९०८ सालचा. त्याचे कलम १०० दुसऱ्या अपिलाचे आहे.

ते कलम सांगते, की प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे अशी हायकोर्टाची खात्री झाली, तरच दुसरे अपील चालेल. नाहीतर चालणार नाही.

म्हणजे हायकोर्टाच्या दारावर प्रत्येकाला थांबावे लागते. न्यायाधीश विचारतात, "तुमच्या प्रकरणात कायद्याचा प्रश्न कोणता?" उत्तर पटले तर दरवाजा उघडतो. पटले नाही तर अपील तिथेच संपते.

तात्या म्हणाले, "प्रश्न कसा नाही? आबाचा साक्षीदार खोटं बोलला. तो त्याचा सोयरा हाय!"

इथेच पुष्कळांची गफलत होते. म्हणून हे नीट समजून घेऊ.

दोन तऱ्हांचे प्रश्न

कोर्टात दोन तऱ्हांचे प्रश्न येतात.

पहिला प्रश्न : घडले काय? बांध सरकवला की नाही? पैसे दिले की नाही? कागदावरचा अंगठा कोणाचा? साक्षीदार खरे बोलला की खोटे? हे घटनेचे प्रश्न.

दुसरा प्रश्न : जे घडले त्याला कायदा काय म्हणतो? हा कागद गहाणाचा की खरेदीचा? नोंदणी न झालेल्या कागदावर जमिनीची मालकी जाते का? अमुक नात्याच्या वारसाला हिस्सा मिळतो का? हे कायद्याचे प्रश्न.

घटनेचे प्रश्न खालची दोन कोर्टे सोडवतात. साक्षीदाराला समोर उभा करून बघणारे तालुक्याचे न्यायाधीश असतात. तो अडखळला, घाबरला, बोलणे फिरवले, हे त्यांना दिसते. हायकोर्टापुढे येतो तो नुसता कागद. म्हणून हायकोर्ट त्यात हात घालत नाही.

हा दंडक जुना आहे. १८९० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही हेच सांगितले होते. तेव्हा आपल्याकडच्या दाव्यांचा शेवटचा निकाल तिथे होत असे. त्या न्यायाधीशांचे म्हणणे असे, की घटना ठरवण्यात खालच्या कोर्टाची चूक कितीही ढोबळ दिसली, तरी तेवढ्यावर दुसरे अपील चालत नाही.

आबांचा सोयरा खरे बोलला की खोटे, हा घटनेचा प्रश्न आहे. तो दोनदा तपासला गेला. तिसऱ्यांदा तपासायला हायकोर्ट बसलेले नाही.

तात्या जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मग दरवाजा उघडतो तरी कुणाला?"

दरवाजा कोणासाठी उघडतो

एक उदाहरण घेऊ. समजा, एक विधवा बाई आहे. तिच्या नवऱ्याने सावकाराकडून पाच हजार रुपये घेतले होते. त्या वेळी एक कागद झाला. नोंदणीही झाली. कागदात लिहिले आहे, "पाच हजार रुपये घेऊन जमीन खरेदी दिली. पाच वर्षांत रक्कम परत दिली, तर जमीन परत फिरवून द्यावी." याला गावात मुदत खरेदी म्हणतात.

नवरा वारला. पाच वर्षे उलटली. बाई पैसे घेऊन गेली, तर सावकार म्हणाला, "मुदत गेली. जमीन माझी."

बाईने दावा लावला. म्हणाली, "ही खरेदी नव्हे. हे गहाण आहे. मला ते सोडवू द्या." गहाण असेल तर ते सोडवण्याच्या दाव्याला कायदा तीस वर्षांची मुदत देतो. खरेदी असेल तर पाच वर्षांनी जमीन गेली. खालच्या दोन्ही कोर्टांनी सांगितले, "कागदाचे नाव खरेदी. म्हणून खरेदी."

आता बघा. इथे घडले काय, याबद्दल वाद नाही. पैसे घेतले, हे दोघांनाही कबूल. कागद झाला, हे कबूल. सही कबूल. वाद एवढाच, की त्या कागदाचा कायद्याने अर्थ काय.

आणि कायदा नुसत्या नावावर जात नाही. १९२९ साली कायद्यात एक वाक्य घातले गेले. परत देण्याची अट वेगळ्या कागदात लिहिली असेल, तर तो व्यवहार गहाण मानता येत नाही. पण अट त्याच कागदात असेल, तर तो गहाण असू शकतो. तेव्हा सगळा कागद वाचून, सगळी परिस्थिती बघून अर्थ लावावा लागतो. खालच्या कोर्टांनी फक्त नाव वाचले. अर्थ लावलाच नाही.

हा कायद्याचा प्रश्न झाला. बाईची जमीन राहणार की जाणार, हे त्याच प्रश्नावर ठरणार. अशा वेळी हायकोर्टाचा दरवाजा उघडू शकतो.

दरवाजा उघडला म्हणजे बाई जिंकली, असे मात्र नाही. तिचे म्हणणे ऐकले जाईल, एवढेच ठरले. निकाल पुढे आहे.

"महत्त्वाचा" म्हणजे काय?

कायद्याचा प्रश्न असला तरी तेवढ्याने भागत नाही. तो महत्त्वाचा असावा लागतो. महत्त्वाचा कशाला म्हणायचे, हे दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने समजावून सांगितले आहे. १९६२ साली मुंबईच्याच एका गिरणीच्या प्रकरणात, आणि पुढे २००१ साली दुसऱ्या एका प्रकरणात, त्या कोर्टाने कसोटी घालून दिली. सोप्या भाषेत ती अशी :

एक, त्या प्रश्नावर पक्षकाराचा हक्क खरोखर अवलंबून असला पाहिजे. प्रश्न नुसता बोलायला चांगला, पण निकाल त्याने बदलत नाही, तर उपयोग नाही.

दोन, तो प्रश्न वरच्या कोर्टाने आधीच सोडवलेला नसावा. त्यावर दोन मते होण्याजोगी असावीत.

तीन, तो प्रश्न प्रकरणातूनच निघालेला असावा. खालच्या कोर्टात जे कधी मांडलेच नाही, त्याचा पाया नसताना नवाच मुद्दा वर काढता येत नाही.

कायदा आधीच ठरलेला असेल आणि खालच्या कोर्टाने तो पाळला असेल, तर प्रश्न उरत नाही. पण कायदा ठरलेला असून खालच्या कोर्टाने तो मोडला असेल, तर मात्र प्रश्न उभा राहतो. उदाहरणार्थ, फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, नुसत्या नोंदीने कोणी मालक होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितले आहे. तरीही कोर्टाने नोंदणीचे खरेदीखत बाजूला ठेवले आणि नुसता फेरफार बघून मालक ठरवला, तर ती कायद्याची चूक झाली.

आणखी एक गोष्ट आहे. कधी कधी घटनेचा निर्णयच असा असतो, की त्याला पुराव्याचा आधारच नसतो. किंवा सर्वांत मोठा कागद कोर्टाने वाचलेलाच नसतो. किंवा जो कागद पुराव्यात घेताच येत नाही, त्यावरच निकाल दिलेला असतो. अशी चूक कायद्याची चूक धरली जाते. पण "पुरावा नव्हता" हे वेगळे आणि "पुरावा मला पटत नाही" हे वेगळे. तात्यांच्या प्रकरणात पुरावा होता. मोजणीचा नकाशा होता.

असा नियम का केला?

तात्यांनी विचारले, "सरकारनं हा दरवाजा बंद का केला? गरिबाला न्याय नको व्हय?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे. पूर्वी दुसऱ्या अपिलाचे शब्द सैल होते. निकाल कायद्याविरुद्ध आहे एवढे म्हटले, की अपील होत असे. लोक साक्षीपुराव्याची भांडणे कायद्याचा वेष घालून वर नेत. कामे तुंबत. १९७३ साली कायदा आयोगाने सांगितले, की ही वाट आवळा. मग १९७६ साली संसदेने कलम १०० बदलले आणि "कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न" हे शब्द घातले.

यात गरिबाचेही हित आहे. जिंकलेला गरीब, हरलेला श्रीमंत, असे असेल तर श्रीमंत माणूस गरिबाला वीस वर्षे वर वर खेचत नेऊ शकतो. दोन कोर्टांनी दिलेली जमीन त्याच्या हाती पडत नाही. तो खर्चानेच बुडतो. भांडणाला कुठेतरी शेवट पाहिजे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. कायद्याचा प्रश्न नीट मांडला नाही, म्हणून एखाद्याचे खरे प्रकरणही दारावरून परत येऊ शकते. म्हणूनच हा नियम समजून घेणे जरूर आहे.

दारावर काय होते

अपिलाच्या अर्जात कायद्याचा प्रश्न नेमका लिहावा लागतो. "अन्याय झाला" एवढे लिहून चालत नाही.

मग एके दिवशी अर्ज न्यायाधीशांपुढे येतो. याला अपील दाखल करून घेण्याची सुनावणी म्हणतात. या वेळी बहुधा अपील करणाऱ्याचाच वकील बोलतो. न्यायाधीश खालचे दोन निकाल बघतात. प्रश्न नाही असे दिसले, तर समोरच्याला बोलावल्याशिवायच अपील काढून टाकता येते. कधी कधी हे काम काही मिनिटांत आटोपते. ज्यासाठी म्हैस विकली, ते असे आटोपते.

प्रश्न आहे असे वाटले, तर न्यायाधीश तो प्रश्न स्वतः शब्दांत मांडतात. अपील दाखल होते. समोरच्याला नोटीस जाते. पुढे सुनावणी त्या प्रश्नावरच होते. समोरचा येऊन म्हणू शकतो, "असा प्रश्न इथे निघतच नाही." दुसरा एखादा महत्त्वाचा प्रश्न निघाला, तर न्यायाधीश कारणे लिहून तोही ऐकू शकतात.

प्रश्न न मांडताच हायकोर्टाला खालचा निकाल फिरवता येत नाही. तसे झाले तर सुप्रीम कोर्ट तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवते. म्हणजे हा नियम न्यायाधीशांनाही बांधतो. दरवाजा उघडणे त्यांच्या मर्जीवर नाही. ते त्यांच्या विवेकावर आहे, आणि विवेकाला कायद्याची वेसण आहे.

पैसे वसुलीचा दावा पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा असेल, तर दुसरे अपील मुळीच होत नाही.

दुसऱ्या अपिलात हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाने निकाल दिला, की हायकोर्टातच पुन्हा अपील नाही. पुढे फक्त सुप्रीम कोर्ट. तिथेही विशेष परवानगी मागावी लागते. राज्यघटनेच्या कलम १३६ प्रमाणे ती देणे न देणे त्या कोर्टाच्या हाती असते. ती क्वचितच मिळते असे समजून चालावे.

मुदत आणि तहकुबी

दोन गोष्टींत पुष्कळ लोक फसतात.

पहिली मुदत. जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस मिळतात. हायकोर्टात जायला ९० दिवस मिळतात. निकालाची खरी नक्कल मागितल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज द्यावा. मुदत गेली, तर उशिराचे पुरेसे कारण कोर्टाला पटवावे लागते. "पेरणी होती", "जमलं नाही" असे म्हणून भागेलच असे नाही.

दुसरी तहकुबी. अपील केले म्हणजे खालचा निकाल आपोआप थांबत नाही. जिंकलेला माणूस दरखास्त लावून जमिनीचा ताबा घेऊ शकतो. निकाल थांबवायचा असेल, तर हायकोर्टाकडे वेगळा अर्ज करून स्थगिती मागावी लागते. "अपील घातलंय, आता कोण येतंय बघतो," असे म्हणून घरी बसू नये. बेलीफ येतो.

कुठे जायचे, कोणाला भेटायचे

मुंबई हायकोर्ट आज मुंबईशिवाय इतर ठिकाणीही बसते. विदर्भासाठी नागपूरला. मराठवाड्यासाठी आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला. गोव्यासाठी गोव्यात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालतात.

हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते. खालचे निकाल, साक्षी, खरेदीखते मराठीत असतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. त्यालाही खर्च येतो.

ज्याला खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी १९८७ चा कायदा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि ठराविक उत्पन्नापेक्षा कमी मिळकत असलेले लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे जाऊन विचारावे. वरच्या कोर्टासाठीही तशी समिती आहे. मात्र प्रकरणात दम आहे की नाही, हे समिती बघते.

तडजोडीची वाट शेवटपर्यंत मोकळी असते. अपील चालू असतानाही लोकअदालतीत मिटवता येते. तिथे दोघांच्या राजीखुशीने जे ठरते, त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद पुरता वाचावा. समजला नाही तर सही करू नये.

वकिलाला विचारायचे तीन प्रश्न

आम्ही तात्यांना तीन प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगितले. तात्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिले. अक्षर मोठे होते, पण स्पष्ट होते.

एक. माझ्या प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता? तो मला मराठीत एका वाक्यात सांगा.

दोन. तो प्रश्न माझ्या बाजूने सुटला, तर निकाल खरेच बदलेल का?

तीन. मुदत केव्हा संपते, आणि ताबा थांबवायला काय करायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वकिलाला एका वाक्यात देता आले नाही, तर सावध व्हावे. चांगला वकील नाही म्हणायला भीत नाही. त्याचे "नाही" हेही फी देण्यासारखे आहे.

आणि जे अजून पहिल्या पायरीवर आहेत, त्यांनी एक गोष्ट मनात धरावी. पुरावा आजच द्या. जुना नकाशा पेटीत असेल तर आज काढा. माहीतगार म्हातारा साक्षीदार असेल तर आज त्याची साक्ष घ्या. मोजणी चुकीची वाटत असेल तर तिथेच हरकत घ्या आणि मोजणीदाराला उलटे प्रश्न विचारा. वर गेल्यावर नवा पुरावा घालायला सहसा परवानगी मिळत नाही. हायकोर्टातले प्रकरण तालुक्याच्या कोर्टातच उभे राहते, किंवा तिथेच पडते.

मग तात्यांनी काय केले?

तात्या आपली वही घेऊन वकिलाकडे गेले. तिन्ही प्रश्न वाचून दाखवले. वकिलाने दोन्ही निकाल पुन्हा वाचले. मग म्हणाले, "तात्या, तुमचं भांडण मोठं आहे. पण त्यात कायद्याचा प्रश्न मला दिसत नाही. मोजणीवर हरकत घ्यायची वेळ पहिल्या कोर्टात होती. ती आपण घेतली नाही."

तात्या परत आले. दोन दिवस बोलले नाहीत. पाच गुंठे आबांकडे गेले. तात्या अजून म्हणतात, की बांध होता तिथेच होता. कोण जाणे, तसेच असेलही. दोन कोर्टांनी ठरवले म्हणून मनातली सल जात नाही. ती घालवण्याचे काम कोर्टाचे नाही.

पण म्हैस दावणीला आहे. दोन्ही वेळचे दूध घरात आहे. आणि परवा तात्यांच्या थोरल्या मुलाने घरजागेचा एक कागद सहीसाठी आणला, तेव्हा तात्या म्हणाले, "ठेव तिथं. आधी मी वाचणार. मग सही."